शेजारचा कुत्रा भुंकतोय? आधी चार्ट भरा

मी नर्स आहे. सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात मला बारा वर्षं झाली, त्यातली सात नाईट ड्यूटीची. सकाळी आठला हँडओव्हर देऊन नवापर्यंत घरी येते. अंघोळ, चहा, सासूबाईंच्या गोळ्या, आणि दहाला आडवी होते. दुपारी तीनपर्यंत मिळेल तेवढी झोप माझी. अक्कलकोट रोडच्या अंगाला आमची बैठ्या घरांची वसाहत आहे, दोन घरांत मिळून एकच भिंत. त्या भिंतीपलीकडे शेरू बांधलेला असायचा. माझे डोळे मिटले की दहा मिनिटांत तो सुरू.

"कुत्रंच आहे, भुंकणारच" असं ज्यांना वाटतं, त्यांनी सलग महिनाभर तीन तासांच्या झोपेवर काम करून बघावं. एका रात्री एकाच पेशंटची नोंद मी दोन चार्टवर लिहिली. लक्षात आलं तेव्हा पोटात गोळाच आला. काही बिघडलं नाही, पण त्या रात्री मला कळलं की आता गप्प बसून भागणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, दहावी-बारावीचं पोर आहे, किंवा माझ्यासारखं कुणी दिवसा झोपणारं आहे, त्यांच्यासाठी.

आधी माझं काय चुकलं ते सांगते, कारण बहुतेक जण तिथंच चुकतात. पहिल्यांदा मी बोलले ती भिंतीवरून, झोपेतून उठून, केस विस्कटलेले, आवाज चढलेला. शेजारच्या अक्का तेव्हा पाणी भरत होत्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी कुणाच्या घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. हातात पाईप, अर्धी टाकी भरायची राहिलेली, आणि मी विचारते आहे की तुमच्या कुत्र्याचं काय करणार आहात? अक्का म्हणाल्या, "आमचा कुत्रा कुठं भुंकतोय ओ, झोपलाय की तो." आणि खरंच, शेरू त्यांच्या पायाशी झोपलेला होता. मला वाटलं, बाई तोंडावर खोटं बोलते आहे. त्यांना वाटलं, ही सिस्टर उगाच भांडण उकरते आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "काही लोकांना कुत्रा पाळता येत नाही तर पाळू नये." नाव लिहिलं नव्हतं, पण पन्नास घरांत कुणाला कळलं नाही? दोघांनी अंगठे दाखवले, एकानं गल्लीतल्या पार्किंगचं जुनं गाऱ्हाणं त्यात घुसवलं, आणि अक्कांनी माझ्या घरी यायचं बंद केलं. श्रावणात हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत, संक्रांतीला मी गेले नाही. कुत्रा भुंकतच होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही: ग्रुपवर लिहू नका. चार लोकांत ज्याची मान खाली जाते तो माणूस कुत्र्याचा विचार करत नाही, मान वर कशी करायची याचा करतो.

मग मला सुचलं ते माझ्या कामातलंच. वॉर्डात पेशंट म्हणतो, "सिस्टर, सारखा ताप येतोय." आपण "सारखा" लिहीत नाही. किती वाजता, किती डिग्री, घाम आला का, काय दिल्यावर उतरला, असं लिहितो. चार दिवसांचा चार्ट समोर ठेवला की डॉक्टरांना ताप कसला ते बऱ्याचदा कळतं. भुंकण्याचंही तसंच आहे. "दिवसभर भुंकतो" हे रागाचं वाक्य आहे, त्यावर कुणाला काही करता येत नाही.

एक शंभर पानी वही घ्या आणि उभ्या रेघा मारा. सुरू किती वाजता, थांबला किती वाजता, आवाज कसा, त्या वेळी बाहेर काय चाललं होतं, घरात कुणी होतं का. किमान दहा दिवस भरा, म्हणजे आठवड्याचे सगळे वार येतात. तुम्ही घरी नसाल तेव्हाचं घरातल्या कुणाला सांगा. आमच्या सासूबाईंना लिहिता येतं पण बारीक दिसत नाही, म्हणून त्या वेळ खडूनं पाटावर लिहून ठेवायच्या आणि मी उठल्यावर वहीत उतरवायची.

आवाज कसा, हा रकाना सोडू नका, सगळं गुपित त्याच्यात असतं. दारापुढून कुणी गेलं की होणारं भुंकणं तुटक आणि जोरदार असतं, माणूस पुढं गेला की थांबतं. एकट्या पडलेल्या कुत्र्याचं भुंकणं वेगळं असतं: एकाच सुरात, मध्ये थोडी थोडी गॅप, शेवटी हेल काढून रडल्यासारखं, आणि ते अर्धा तास, तासभर चालतं. लक्ष वेधून घ्यायचं असेल तर भुंकतो आणि थांबून बघतो, कुणी येतंय का. दुखत असेल तर मध्ये कण्हणं असतं. तीन-चार दिवस कान देऊन ऐकलं की माणसाला फरक कळायला लागतो.

माझ्या वहीत दहा दिवसांनी जे दिसलं ते असं. रात्री शेरू जवळपास भुंकतच नव्हता. सकाळी शाळेच्या वेळेला पाच-सात मिनिटं. आणि दहा-सव्वादहापासून एक-दीडपर्यंत तो हेल काढणारा आवाज, विडी कारखान्याच्या सुट्टीचा दिवस सोडून रोज. अक्का विड्या वळतात. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या, पान आणि तंबाखू घेऊन यायचं, मध्येच बाजार, असं करत त्यांना दीड वाजतो. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असतात, पोरगा शाळेत. म्हणजे शेरू भुंकायचा तेवढ्याच वेळात, जेव्हा त्या घरात ऐकायला कुणी नसायचं. अक्का खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एकटं पडल्यावर भुंकणारा कुत्रा मालक दारात आला की गप्प होतो. म्हणून ज्यांचा कुत्रा, त्यांनाच बहुतेक वेळा माहीत नसतं.

अकराव्या दिवशी अकरा वाजता मी गच्चीवर गेले. एप्रिल महिना. सोलापूरचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. खाली बघितलं. शेरूची साखळी गेटजवळच्या खांबाला दोन वेढे घालून बसली होती आणि जेमतेम हातभर उरली होती. पत्र्याची सावली दोन फुटांवर होती, तिथपर्यंत त्याला पोचता येत नव्हतं. पाण्याचं अल्युमिनियमचं भांडं पालथं पडलेलं, त्याच्या खालची ओलसुद्धा वाळून गेली होती. तो एक पंजा उचलायचा, मग दुसरा, जमीन भाजत होती म्हणून. भुंकायचा, जीभ बाहेर टाकून धापा टाकायचा, परत भुंकायचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. इतके महिने मी त्याला भिंतीआडून शिव्या घातल्या होत्या.

मी दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला. मग सासूबाईंनी सांगितलं तशी भिंतीवरून बादलीला दोरी बांधून पाणी सोडलं. तो इतकं प्याला की बादली हलत होती.

आता बोलायचं कसं. व्हिडिओ फक्त त्यांनाच दाखवायचा, दुसऱ्या कुणालाही पाठवायचा नाही. पाण्याचा दिवस टाळा, सकाळची घाई टाळा, कुत्रा भुंकत असतानाची वेळ तर टाळाच, कारण तेव्हा तुमच्या आवाजात राग असणार. विड्या वळणाऱ्या बाईकडं जायचं तर दुपारी चारनंतर, मांडीवर सूप असतं, हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. दोघी-तिघी मिळून जाऊ नका. शिष्टमंडळ आलं की माणसाला वाटतं आपल्याविरुद्ध कट झाला.

हातात काहीतरी निमित्त असलं तर पाय उचलतो. अक्कांचा एक स्टीलचा डबा भांडणाच्या आधीपासून माझ्याकडं पडून होता. डबा रिकामा परत द्यायचा नाही हे आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत, म्हणून त्यात शेंगांची चटणी घातली आणि गेले. पहिलं वाक्य मी घरी दोनदा म्हणून बघितलं होतं. ते असं: "अक्का, मागं मी भिंतीवरून बोलले ते बोलायला नको होतं. आणि ग्रुपवर लिहिलं ते तर अजिबात नको होतं."

मग लगेच माझ्या झोपेचा विषय काढला नाही. म्हटलं, "तुम्ही कारखान्याला गेला की शेरू एकटा पडतोय. मला त्याचं जरा काळजीचं वाटतंय, बघा." आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. अक्कांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. सुपातल्या तंबाखूवर हात तसाच राहिला. "मला म्हाईतच नव्हतं की ओ सिस्टर," म्हणाल्या, "पाणी ठेवूनच जातोय की मी रोज." ते खरंच होतं. पाणी त्या ठेवत होत्या, हलक्या भांड्यात, आणि ते दहा मिनिटांत उपडं होत होतं.

वही त्यानंतर दाखवली. आधी वही दाखवली असती तर ती पोलिसातली तक्रार वाटली असती. व्हिडिओनंतर ती कुत्र्याच्या दुखण्याचा चार्ट वाटली. माझी झोप मी सगळ्यात शेवटी सांगितली, तीही एका वाक्यात: "मी दहा ते तीन झोपते, रात्रभर पेशंट सांभाळायचे असतात." अक्कांना मी नर्स आहे हे माहीत होतं, पण दिवसा झोपते हे पाच वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही सांगितलं नसेल तर ते आधी सांगा. शेजाऱ्याला आपल्या घराचं वेळापत्रक आपोआप कळत नाही.

आणि अशा वेळी "कुत्रा काढून टाका" हे तोंडातून निघू देऊ नका. पोरानं तो कुत्रा पिल्लू असताना पावसात उचलून आणलेला असतो. मागणी एकच ठेवा, होण्यासारखी. मी म्हटलं, "दहा ते दीड त्याला गेटपाशी नको बांधूया, मागच्या बोळात सावलीला ठेवूया. बघू आठवडाभर." मी "ठेवा" म्हटलं नाही, "ठेवूया" म्हटलं, आणि पुढं हातही लावला.

आम्ही काय काय केलं ते सविस्तर सांगते, कारण इथं खरा उपाय आहे.

जागा बदलली. गेट म्हणजे कुत्र्याला पहाऱ्याची चौकी. भाजीवाला, गॅसची गाडी, शाळेची पोरं, जो दिसेल त्याच्यावर भुंकणं हे त्याला आपलं काम वाटतं, आणि माणूस पुढं निघून गेला की त्याला वाटतं आपणच हाकलला. रोज जिंकतोय म्हटल्यावर तो का थांबेल? मागच्या बोळात रस्ता दिसत नाही. गेटच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून जुनी चादर बांधली, सोलापूरच्या घरात जुन्या चादरीला काय तोटा. दिसणं बंद झालं तसं शाळेच्या वेळचं भुंकणं अर्ध्यावर आलं.

साखळी काढून लांब दोरी लावली, आणि ती अडकेल असा खांब, पायरी, कुंडी जवळ ठेवली नाही. पाण्याला कडेचं जड मातीचं भांडं, दोन ठिकाणी. बोळात दार लावून मोकळा सोडता आला तर दोरीही नको.

सकाळी सहाला पोरगा त्याला फिरवून आणायला लागला, अर्धा तास. ऊन चढायच्या आत, हे महत्त्वाचं, डांबर तापलं की पंजे भाजतात. आणि ओढत पळवायचं नाही, त्याला थांबून हुंगू द्यायचं. हुंगण्यानंही कुत्रा दमतो. सकाळी दमलेला कुत्रा दहा वाजता झोपतो, एवढं साधं आहे ते.

मग टॉवेलचा खेळ. हा सगळ्यांत कामाला आला. जुना जाड टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्याच्यावर ज्वारीच्या भाकरीचे बारीक तुकडे टाकायचे, टॉवेल घट्ट गुंडाळायचा आणि एक सैल गाठ मारायची. अक्का निघताना शेरूपुढं तो ठेवायच्या. तो नाक घालून, पंजानं उलगडून एक एक तुकडा शोधत बसायचा, वीस-पंचवीस मिनिटं. मालक गेल्यावरची पहिली अर्धी घटका सगळ्यात कठीण असते, तीच त्यात निघून जाते. तुमचा कुत्रा कापड फाडून गिळणारा असेल तर टॉवेल नको, तुकडे बोळात इकडंतिकडं विखरून टाका. भाकरी कोरडी असू द्या. कांदा-लसूण असलेलं काही, चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषासारख्या असतात, हे पोरांना नीट समजावून सांगा. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं-मनुका घरोघरी असतात म्हणून मुद्दाम लिहिते.

एकटं राहायची सवयही लावावी लागते. अक्का आधी चप्पल घालून बाहेर जायच्या आणि एका मिनिटात परत यायच्या. मग पाच मिनिटं, मग पंधरा. जाताना "शेरू, जाऊन येतो रे" असं लाडलाड करायचं नाही, आल्यावरही लगेच अंगावर घ्यायचं नाही, तो शांत झाला की मग हात फिरवायचा. अक्कांना हे जड गेलं, त्यांचा जीव त्याच्यावर.

आणि आमच्या सासूबाई. त्या दुपारी ओट्यावर बसलेल्या असतात. शेरू गप्प असला की त्या भिंतीवरून त्याला हाक मारायच्या आणि भाकरीचा तुकडा टाकायच्या. भुंकत असताना मात्र हाक नाही, तुकडा नाही, ओरडणंही नाही. भुंकल्यावर आपण ओरडलो की त्याला वाटतं आपणही त्याच्यात सामील झालो. भुंकल्यावर खायला दिलं की तो शिकतो, भुंकलं की मिळतं.

पहिल्या आठवड्यात भुंकणं वाढलं. इथंच लोक सोडून देतात. इतके दिवस भुंकून जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की तो आधी जास्त जोर लावतो, मग थकतो. माझ्या वहीत चौथ्या दिवशी दोन तास दहा मिनिटं आहेत. पंधराव्या दिवशी वीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यानंतर मी वही भरणं बंद केलं. तुम्ही शेजाऱ्याशी ठरवतानाच तीन आठवडे ठरवा, आणि तेवढे दिवस मधे टोचून बोलू नका.

एवढं करूनही फरक नाही, किंवा नीट असलेला कुत्रा अचानक भुंकायला लागला, तर तो आजारी असू शकतो. कान दुखणं, गोचीड, म्हातारपणात कमी ऐकू-दिसू येणं, याच्यानं कुत्री रात्री-अपरात्री भुंकतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायला सांगा, रिक्षाचे निम्मे पैसे तुम्ही द्या. आवाजच बदलून घोगरा झाला, लाळ गळते आहे, पाणी गिळता येत नाही, असं दिसलं तर जवळ जाऊ नका, पोरांना लांब ठेवा आणि लगेच महापालिकेला कळवा. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. मी वॉर्डात असल्या जखमा बघितल्या आहेत.

काही गोष्टी रागातही करायच्या नाहीत. दगड, काठी, उकळतं पाणी, फटाका, यानं घाबरलेला कुत्रा जास्त भुंकतो आणि उद्या पोराला चावतो. करंट देणारे पट्टे मिळतात, ते शेजाऱ्याला सुचवू नका. दिवसभर तोंडाला मुसकी बांधणं तर आपल्या उन्हात जिवावर बेतेल, तोंड उघडून धापा टाकता आल्या नाहीत तर त्याचं अंग थंड होणार कसं? आणि कुणी खाण्यात काही कालवायची भाषा केली तर त्याला सांगा, जनावराला विष घालणं किंवा मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळेच शेजारी अक्कांसारखे नसतात, हेही मला माहीत आहे. माझ्या एका मैत्रिणीला होटगी रोडच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या माणसानं दारातूनच हाकललं. तिथं पुढची पायरी लागते. आधी साधं पत्र द्या, वकिली भाषा नको. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोज या वेळेत आपला कुत्रा सलग भुंकतो, नोंद सोबत जोडली आहे, घरात आजारी व्यक्ती आहे, आपण एकदा बसून बोलू" एवढंच. एक प्रत आपल्याकडं ठेवा. भाड्यानं राहणारे असतील तर घरमालकाला मध्ये घ्या, ते पुष्कळदा दोघांनाही ऐकवू शकतात. सोसायटी असेल तर कमिटीला द्या, पण कमिटीनं "कुत्राच पाळायचा नाही" असा ठराव करून उपयोग नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 मध्ये काढलेल्या सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलेलं आहे की शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं बघा. त्या दोन्ही गोष्टी कमिटीनं एकदम वाचाव्यात.

आवाजाच्या मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम 2000 मध्ये आहेत: राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल वर गेलं तर तक्रार करता येते. मोबाईलचं ॲप अंदाज देतं, पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नका, वही जास्त कामाची. पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा आणि प्रतीवर पोच घ्यायची. रात्री असह्य झालं तर 112. सार्वजनिक उपद्रव भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये आहे आणि त्याचा दंड कलम 292 खाली हजार रुपयांपर्यंत, पण सार्वजनिक म्हणजे एकट्या तुमचा त्रास पुरत नाही, आजूबाजूच्या घरांचाही लागतो. म्हणून अर्जावर तीन-चार घरांच्या सह्या असल्या तर बरं. कुत्र्याला आखूड साखळीनं तासन् तास बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला कधीच न फिरवणं, पाणी न देणं, हे 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात गुन्हा आहे. पण हा मुद्दा हत्यार म्हणून पहिल्याच दिवशी काढू नका. मी गच्चीवरून जे बघितलं ते घेऊन थेट ठाण्यात गेले असते तर अक्का आयुष्यभर माझ्याशी बोलल्या नसत्या, आणि शेरूचं काय झालं असतं कोण जाणे.

ठाण्याच्या आधी एक जागा आहे जी लोकांना आठवतच नाही: न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दावा न लावताही तिथं दोघांना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न होतो. बायकांना विधी साहाय्य उत्पन्न न बघता फुकट मिळतं. अर्ज साध्या मराठीत चालतो.

गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांचं प्रकरण वेगळं. त्यांचा मालक नाही, म्हणून शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही. जो खायला घालतो त्याच्याशी बोला, घरांपासून लांब एक जागा आणि एक वेळ ठरवा, आणि नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेकडं लेखी द्या. रात्रीच्या टोळ्यांचं भुंकणं नसबंदीनं बरंच खाली येतं.

तोवर झोपायचं कसं हाही प्रश्न असतोच. पलंग सामाईक भिंतीपासून काढा, त्या भिंतीला कपाट लावा, खिडकीला जाड चादर, टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात. पण घरात आजारी माणूस असेल तर एकाच कानात घाला, हाक ऐकू आली पाहिजे.

अक्कांकडं आता माझा ड्यूटीचा कागद असतो, दर महिन्याला मी नवीन देते, त्या दाराच्या आत चिकटवतात. माझ्या मोबाईलमध्ये अण्णांचा आणि पोराचा नंबर आहे. शेरू वीस मिनिटांपेक्षा जास्त भुंकला तर सासूबाई आधी भिंतीवरून बघतात, दोरी अडकली का, पाणी सांडलं का, आणि मगच फोन.

पुढची कठीण वेळ म्हणजे दिवाळी, आणि त्यानंतर संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, शोभेचं दारूकाम होतं ती संध्याकाळ. कुत्र्याला आपल्यापेक्षा फार जास्त ऐकू येतं, लांबचा बारही त्याच्या छातीत वाजतो. त्या दिवशी त्याला उजेड असतानाच फिरवून आणायचं, अंधार पडायच्या आत घरात घ्यायचं, मधल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आणि कॉटखाली जाऊन बसला तर बसू द्यायचं, ओढून काढायचं नाही. गेल्या वर्षी शेरू त्या संध्याकाळी आमच्या मधल्या खोलीत होता, कारण अक्कांच्या घरी पाहुणे होते. सासूबाईंच्या कॉटखाली, त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून. मला रात्री ड्यूटी होती, मी त्याच्याशेजारीच जमिनीवर सतरंजी टाकून दोन तास झोपले.